तीन हजार सहाशे मीटरवर अण्णा

९ जानेवारी, ट्रली, आयर्लंड

सॅक भरून झाल्या. माझी मी एकदाच भरली. अण्णांनी त्यांची तीनदा भरली, तीनदा उपसली आणि चौथ्यांदा भरताना मिरजेहून आणलेला जुना नकाशा अगदी वर राहील असं बघितलं. चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅकच हवी, हा त्यांचा हट्ट. वय वर्षं बहात्तर. जयेश म्हणतो, "अगं, शोभतेय त्यांना." माझ्या नवऱ्याला जगात सगळ्यांना सगळंच शोभतंय असं वाटतं.

अण्णांनी मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. मी त्यांच्या वर्गात बसले आहे. तिथे ते वडील नसायचे, सर असायचे, आणि माझी वही इतरांपेक्षा कडक तपासायचे. नववीला दक्षिण अमेरिका आली की फळ्याकडे न बघता खडूने अँडीजची रांग ओढायचे, बोलिव्हियातल्या ला पाझला एक टिंब द्यायचे, टिटिकाका सरोवराला निळा ठिपका. ते टिंब त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवायचं, हे मी आई गेल्यावर ठरवलं. आईला जाऊन आता दोन वर्षं होतील. अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत, माझी रजाही शिल्लक आहे, तर आत्ताच आम्ही दोघं जाऊन येऊ.

हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण. दैनंदिनीत तरी खरं लिहावं. माझ्या पाऊचमध्ये, विम्याच्या कागदांमागे, एक पत्र आहे. अण्णांनी कायमचं इथेच राहावं म्हणून जो अर्ज करायचाय त्याला ते जोडायचं. मसुदा वकीलबाईंचा, रिकाम्या जागा मी भरल्या: "माझे वडील एकटे राहण्यास असमर्थ असून सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहेत." खाली अण्णांची सही हवी. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मार्चचं परतीचं तिकीट त्यांच्या खिशात आहे, ते रद्द करावं लागेल. प्रवासात निवांत वेळ बघून विषय काढीन. डोंगर बघून माणूस जरा मऊ होतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला झोपवायचं आणि तो श्वास घेतोय ना हे बघत बसायचं, हे माझं काम. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलंय, एक बिघडलं तर म्हणून दुसरंही घेतलंय. इशिता बघत होती. माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इथल्या केरी परगण्याच्या इंग्रजीत येतं. इथे आईला मॅम म्हणतात. म्हणाली, "मॅम, ही'ज नॉट अ पेशंट, लाइक." मी म्हटलं, झोप आता.

१३ जानेवारी, सुक्रे

नियमाप्रमाणे चढतोय. आधी सांताक्रूझ, जवळजवळ सपाटीवरचं, मग इथे अठ्ठावीसशे मीटरवर तीन दिवस, मग ला पाझ. अण्णांना उंचीची गोळी अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. मी घेत नाही. तिने बोटांना मुंग्या येतात, आणि दोघांतल्या एकाचे हात तरी धड हवेत.

चिवड्याची पाकिटं फुगून उशांएवढी झाली. एक सॅकमध्येच फुटलं. अण्णांच्या सगळ्या बनियनना आता फोडणीचा वास येतोय आणि त्यांना त्याचं काहीच नाही. "वायुदाब! पोरींना हे दाखवायला पायजे होतं," म्हणत त्यांनी दुसऱ्या पाकिटाचा फोटो काढला. कुठल्या पोरींना, ते मी विचारलं नाही. निवृत्त शिक्षकांच्या डोक्यात वर्ग कायमचा भरलेला असतो.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. न्याहारीला त्यांनी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, याला काय म्हणता. अंडं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. दुपारी चौकातल्या बाकावर एका म्हाताऱ्याला पाण्याबद्दल दोनदा विचारलं. आणि रोज सकाळी डोळे उघडले की मला पहिला प्रश्न, "मेधा, मिरजेत आत्ता किती वाजले?" रोज तोच. इथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, हे मी तीनदा सांगितलंय. आईच्या जाण्यानंतर हे सुरू झालं असावं. ट्रलीला गेल्यावर स्मृतीची चाचणी करून घेते. अर्जालाही ती उपयोगी पडेल, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

अण्णांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९३. छान.

१६ जानेवारी, ला पाझ

विमानतळ शहराच्या वर आहे. हे वाक्य मी दहादा लिहिलं तरी ज्याने पाहिलं नाही त्याला ते कळायचं नाही, पण लिहिते.

चार हजार मीटरवर, टेबलासारख्या सपाट पठारावर आपण उतरतो. टॅक्सी विटांच्या घरांमधून जात राहते. गिलावा नाही, रंग नाही, सगळी घरं नुसती लाल, छपरांवर कुत्री. वाटतं, हेच गाव. मग रस्ता एक वळण घेतो आणि पुढची जमीनच संपते. खाली एक प्रचंड कढई, आणि कढईला आतून, चहूबाजूंनी, अगदी काठापर्यंत घरं चिकटलेली. लाखो घरं. त्यांच्यावरून लाल, पिवळे, हिरवे पाळणे तारांवरून सरकत होते, आणि या सगळ्याच्या पलीकडे, कुणी नंतर आणून ठेवावा तसा, इयिमानी. पांढराशुभ्र बर्फाचा डोंगर, सहा हजार चारशे मीटर. मी फोटो काढत राहिले.

अण्णांनी ड्रायव्हरला खांद्यावर थोपटून थांबवलं आणि उतरले. कठड्यापाशी उभे राहिले. मी हळूच त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. त्यांनी लावू दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "बघितलंस काय? जगात सगळीकडं श्रीमंत वर राहतात, गरीब खाली. इथं उलटं. हवा खाली जास्त, म्हणून पैसेवाला खाली. वर गेलं की भाडं कमी आणि श्वासपण कमी."

वसतिगृह एका उभ्या गल्लीत आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही सॅक मीच वर नेल्या, दोन खेपांत, अण्णांना खाली बसवून. मालकीण दोन्या लुसिया (दोन्या म्हणजे आपलं बाई) साठीच्या पुढची, घेरदार परकर, दोन लांब वेण्या, त्यावर छोटी गोल टोपी. सहज म्हणून तिच्या बोटाला यंत्र लावलं. ८७. मी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. सवयच तशी. ट्रलीत हा आकडा दिसला की मी धावते. तिने मला वेड्यात काढलं, हसत उठली आणि गॅसचं सिलिंडर खांद्यावर टाकून जिना चढून गेली.

त्यानंतर मी खिडकीत बसून होते. ज्या आकड्यावर माझे हात थंड पडतात, त्या आकड्यावर हे अख्खं शहर नाचतंय, भांडतंय, लग्नं लावतंय, फुटबॉल खेळतंय. जे होऊ नये म्हणून मी आयुष्यभर पहारा दिला, ते इथे रोजचं जगणं आहे. मला कुणासमोर तरी नमस्कार करावासा वाटला. कुणासमोर ते कळेना.

चहा: पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळतं, म्हणून आपला चहा कितीही उकळला तरी मुरत नाही. दोन्या लुसियाने कोकाच्या पानांचा चहा दिला. मी नाही घेतला. माझ्या पेशात कधीही लघवी तपासतात आणि कोकेन याच पानांतून निघतं, पुढचं बोलायलाच नको. अण्णांनी तीन कप घेतले.

अण्णा ८९.

१७ जानेवारी, ला पाझ

सकाळभर रोपवेच्या पाळण्यात. ही इथली बस आहे. भाजी घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, फाइलवाले साहेब, सगळे आकाशातून कामाला जातात. आपण लोकांच्या गच्च्यांवरून तरंगत जातो. वाळत घातलेले कपडे, एका गच्चीवर वाढदिवसाचा मांडव, एका गच्चीवर झोपलेला म्हातारा. आवाज काहीच येत नाही.

समोर बसलेल्या बाईने अण्णांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी चक्क स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. "मी हिंदुस्थान, ती माझी मुलगी, डॉक्टर." तीन-चार शब्दच, पण बाईला कळलं. कुठे शिकले कोण जाणे.

मग ढग फाटला आणि इयिमानी एकदम समोर. अण्णा हलकेच म्हणाले, "तुझ्या आईला उंचीची भीती वाटायची. पण हे बघायला आली असती बघ. डोळे मिटून बसली असती आणि मला विचारत राहिली असती, काय दिसतंय हो, काय दिसतंय."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन, पाळण्यातल्या सगळ्यांसमोर. आईच्या वेळी नऊ दिवस मिरजेला होते तेव्हा एकदाही आलं नव्हतं. तेव्हा कामंच इतकी होती. बँक, दाखले, आईच्या साड्यांचं वाटप, स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून परत लावणं. ऑक्सिजन कमी पडला की भावना अनावर होतात, हे पुस्तकात दिलेलंच आहे. अण्णांनी माझा हात धरला होता. मी सांगितलं, काही नाही, हायपॉक्सिया.

थोडा कोरडा खोकला येतोय. इथली धूळ.

१९ जानेवारी, ला पाझ

काल लिहिलं नाही. डोकं जड.

आज पत्राचं काढणारच होते. जेवणानंतर खोलीत दोघंच होतो, बाहेर गारा पडत होत्या. तेवढ्यात अण्णांनी नकाशा पसरला आणि टिटिकाकाचा रस्ता दाखवायला लागले. परवा जायचंय. बोट फिरवताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मी पाऊचची चेन परत लावून टाकली. मी इतकी भित्री कधीपासून झाले?

दुपारी त्यांना सक्तीने झोपवलं आणि औषधं, पाणी, फळं आणायला मीच तीन वेळा खाली-वर केलं. एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत, गल्ली धरून. अण्णा म्हणतात, "बस की जरा गं. इथली माणसं बघ कशी चालतात, गुरासारखी, सावकाश." मला सावकाश चालायची सवय नाही.

अण्णा ९०. माझ्यापेक्षा ताजेतवाने दिसतात. गोळीचा परिणाम.

२० जानेवारी

अण्णा ९०. सकाळी ९०.

खोकला धुळीने. जिना तीन वेळा थांबून चढले, मधल्या मजल्यावर बसले. एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. डोंगर आज दिसत नव्हता पण होता. ढगामागे असतोच तो. हे किती मोठं आहे, कुणाला तरी सांगायला हवं.

अण्णांनी विचारलं मिरजेत किती वाजले. मला मिळवता येईना. साडेनऊ. पुढे की मागे.

माझंही लावून बघितलं, ७१ दाखवलं. बोटं गार आहेत म्हणून चुकीचं येतंय. नखं निळसर दिसतात, तेही थंडीने. दुसरं यंत्रही ७१ दाखवतंय, दोन्ही थंडीने बिघडली.

अण्णा ९०. हे लिहिलं का?

उद्या सरोवर. पायऱ्या एकशे बेचाळीस.

२१ जानेवारी

चि. मेधा,

तुझ्या वहीत लिहितोय, रागावू नको. तू समोर झोपली आहेस, नाकाला नळी आहे. मी जागा आहे आणि माझ्याकडे दुसरा कागद नाही. मागची पानं मी वाचलेली नाहीत.

सकाळी सहाला तुझ्या श्वासाच्या आवाजाने उठलो. चूल फुंकताना होतो तसा घरघर आवाज. तू मला करतेस तसं घड्याळ धरून मोजलं, मिनिटाला चौतीस. तुझं यंत्र तुझ्याच बोटाला लावलं. ६२. मला वाटलं उलटं धरलं असेल. मग स्वतःला लावलं, ८९. म्हणजे यंत्र ठीक होतं. तू उठून म्हणालीस, "अण्णा, तुमची गोळी," आणि भिंतीला धरून खाली बसलीस.

मी खाली जाऊन लुसियाबाईंना म्हणालो, "मि इहा, नो आयरे." माझी मुलगी, हवा नाही. व्याकरण चुकलं असेल. त्या पळाल्या. त्यांच्याकडे ऑक्सिजनची छोटी बाटली होती. त्यांचा जावई टॅक्सी घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून तुला एकशे बेचाळीस पायऱ्या खाली आणलं, म्हणजे मी आणि जावयाने. दवाखान्यातली डॉक्टर इशितापेक्षा थोडीच मोठी दिसते, पण हुशार आहे. छातीत पाणी झालं म्हणाली. पाठीवर सॅक घेऊन दोन दोन खेपा घालणाऱ्या तरण्या लोकांनाच जास्त होतं, म्हाताऱ्यांना कमी, कारण ते पळत नाहीत, असं तिने फोनवर इंग्रजी भाषांतर करून मला समजावलं. उद्या विमानाने तुला खाली सांताक्रूझला न्यायचं आहे. जयेशरावांना फोन केला आहे. ते निघतो म्हणाले, मी थांबवलं आहे.

घाबरलो होतो. तुझ्या आईच्या वेळी सगळं तूच केलंस, मला नुसतं खुर्चीवर बसवून ठेवलं होतंस. आज खुर्ची नव्हती.

विम्याचा कागद हवा होता, म्हणून तुझं पाऊच उघडलं. मागचं पत्र पण वाचलं. बरी हो, मग बोलू.

आता तुझं ८८ आहे. दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवतोय, वेगळ्या पानावर.

अण्णा

२४ जानेवारी, सांताक्रूझ

मागचं पान दहादा वाचलं. त्याच्या मागचं, माझं स्वतःचं, एकदाच वाचता आलं. एखाद्या विद्यार्थ्याने अशी नोंद आणली असती तर मी त्याला नापास केलं असतं.

इथे चारशे मीटरवर उकाडा आहे, आंब्याचं झाड आहे आणि हवा इतकी दाट की खाता येईल. तीन दिवसांत छाती मोकळी झाली. माझं ९७, पण पुन्हा वर जायला बंदी. दवाखान्यातल्या त्या पोरीने लिहूनच दिलंय. ती बरोबर आहे.

आज सकाळी अण्णा अंगणात फोनवर बोलत होते. अक्षांश, रेखांश, समोच्च रेषा. ठेवल्यावर मी विचारलं, कोण?

"माझ्या पोरी. पोलीस भरतीच्या. अकरा जणी आहेत. रोज संध्याकाळी सहाला आपल्या घरी जमतात, किल्ली शेजारी ठेवलीय. मी नसलो तरी नकाशा घेऊन बसतात, एक प्रश्न फोनवर मी घालतो. म्हणून तर तुला रोज विचारत होतो, मिरजेत किती वाजले. गणित येतंय मला, साडेनऊ मिळवायला. पण तू उठल्याबरोबर काहीतरी बोलावं की तुझ्याशी. नाहीतर तू यंत्रच घेऊन येतीस."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"विचारलं नाहीस."

मग पत्राचा विषय त्यांनीच काढला. आवाज चढला नाही, तोच वर्गातला आवाज. "तुला मी जवळ पायजे, याचं मला वाईट वाटलं नाही बघ. उलट बरंच वाटलं. पण असमर्थ? ते तू लिहिलंस, आणि मला न विचारता लिहिलंस. मी अजून कुणाला असमर्थ म्हणून नापास केलं नाही, दोनदा परीक्षा घेतल्याशिवाय."

मी सांगितलं, तुम्ही एकटे असता, आई नाही, काही झालं तर मी आठ हजार किलोमीटरवर. ते म्हणाले, "त्या सकाळी तर तू माझ्यापासून दोन फुटांवर होतीस."

मला रडू आलं. इथे ऑक्सिजन भरपूर आहे, म्हणून या वेळी काही कारण सांगितलं नाही. आई हवी होती, असं म्हणाले. पंचेचाळीस वर्षांची बाई, आंब्याखाली बसून आई आई करत होते. अण्णाही रडले. दोन वर्षांत आम्ही दोघं एकत्र रडलोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या सकाळच्या विमानाने मी परत वर जातोय. लुसियाबाईंशी बोललोय, त्यांचा जावई सरोवरापर्यंत गाडीने नेईल. तीन दिवसांत येतो. तुला विचारत नाही, सांगतोय."

"मला न विचारता ठरवलंत?"

"कसं वाटलं?"

वाद घालायला आकडा शोधावा म्हणून वही उघडली. वरच्या सगळ्या दिवसांच्या त्यांच्या नोंदी बघितल्या, ८९, ९०, ९०, ९०. माझ्याच अक्षरात.

२६ जानेवारी, सांताक्रूझ

काल सकाळी गेले. सॅक स्वतः उचलली. मी यंत्र पुढे केलं, त्यांनी परत माझ्या टेबलावर ठेवलं. पोचल्याचा एका ओळीचा निरोप आला आणि मग अख्खा दिवस काही नाही. मी जयेशला सात फोन केले. तो म्हणाला, "अगं, ते ठीक असतील." मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तो म्हणाला, काहीच नाही, तुलाही नाही. पहिल्यांदा त्याच्यावर चिडले नाही.

आज अकराला फोन आला. वाऱ्याचा मोठा आवाज. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग अण्णा म्हणाले, "मेधा, पाणी दिसतंय. पलीकडचा काठच दिसत नाही गं. लाटा आहेत. चार हजार मीटरवर लाटा. वर आभाळ इतकं निळं, की काळं वाटतंय. पाण्याच्या मागं बर्फाची रांग, सगळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी चौतीस वर्षं पोरांना याचा एवढासा ठिपका काढून दाखवला. सगळ्यांना बोलवून माफी मागावीशी वाटते बघ."

"अजून सांगा ना. काय दिसतंय?"

ते सांगत राहिले. एक माणूस गवताची होडी बांधतोय. दोन बायका बटाटे उन्हात पसरतायत. एक मेंढी पाणी प्यायला वाकलीय. मी डोळे मिटून ऐकत होते. किती वेळ, ते बघितलं नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज मधेमधे येत होता, सावकाश, डोंगरातल्या माणसासारखा, आणि मी तो मोजला नाही.

शेवटी विचारलं, परत कधी येणार. म्हणाले, "उद्या. नाहीतर परवा. इथं बरं वाटतंय." मी बरं म्हटलं.

३१ जानेवारी, डब्लिनहून ट्रलीच्या गाडीत

जाताना एक गोष्ट लिहायची टाळली होती, ती लिहिते. तिकिटं काढतानाच मी अण्णांसाठी सगळ्या विमानतळांवर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपण सगळे आपल्या आईवडिलांना तसंच आणतो-नेतो, चालता येत असलं तरी. रांग चुकते, घोळ होत नाही. जाताना डब्लिनला अण्णांनी तिच्यात सॅक ठेवली होती आणि शेजारून चालत गेले होते. मला तेव्हा भयंकर राग आला होता.

आज विमानाच्या दारात खुर्ची घेऊन एक माणूस उभा. "नाऊ, विच ऑफ ये इज चंद्रहास?"

चंद्रहास म्हणजे अण्णा, पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं. तो माणूस कागदाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. आधी अकरा तासांचं आणि मग तीन तासांचं विमान झालं होतं, छाती अजून लवकर दमते. मी बसले. अण्णांनी एक सॅक पाठीवर घेतली, एक पोटावर, आणि शेजारून चालायला लागले. तो कॉरिडॉर संपता संपत नाही. खुर्चीतून बघितलं की सगळी माणसं उंच दिसतात. अण्णाही.

मी खालूनच म्हटलं, "अण्णा, राहा ना ओ आमच्याजवळ."

"अर्जासाठी?"

"नाही. वकीलबाईंना सकाळीच कळवलंय, अर्ज करायचा नाही म्हणून. मला तुम्ही हवे आहात, एवढंच."

त्यांनी पोटावरची सॅक सरकवून नीट केली. खुर्ची ढकलणाऱ्याने माझे डोळे बघून विचारलं, बाई ठीक आहेत ना. अण्णा म्हणाले, "शी इज ग्रँड." म्हणजे केरीच्या भाषेत, मजेत आहे. इशिताकडून उचललेलं असणार.

मग मला म्हणाले, "नाही गं. मार्चात मी जाणार. माझं घर आहे तिथं." माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता, त्यावर त्यांनी आपला ठेवला. "पण तू मला ये असं कधी विचारलंच नाहीस बघ. तिकीटच पाठवतीस."

मी तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "अण्णा, पुढच्या हिवाळ्यात याल का आमच्याकडे?"

"बघतो," अण्णा म्हणाले. "पोरींची परीक्षा कधी आहे ते बघून कळवतो."